विलासचा ओरिजिनल स्टिअरिंग बॉक्स

जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गॅरेजच्या कोपऱ्यात ग्रीस साचतं तसे ते साचतात, आणि हात कितीही धुतले तरी वास राहतोच.

माझं गॅरेज मुरबाडला. कंपनीने कधीच बंद केलेली मॉडेलं इथे काही जण हौसेने चालवतात. त्यांना पार्ट पुरवतो शहापूरचा विलास, माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. भंगारातून उचलायचं, रंग मारायचा, विकायचं. पूर्वी त्याच्या पाटीवर 'जुने स्पेअर पार्ट' असं होतं, हल्ली 'विंटेज' आहे. माल तोच.

*

विलासने एकाला रेडिएटर विकला. "कंपनीतून आल्यापासून कुनी खोललेला नाय," म्हणाला.

त्या माणसाने पाणी बदलायला काढलं तर पिवळंधमक! गळती थांबावी म्हणून आत हळद ओतलेली. तो बिचारा ते पाणी बाटलीत भरून शहापूरला घेऊन गेला. विलासने बाटली उजेडात धरली.

"हळद चांगल्या क्वालिटीची हाय," म्हणाला.

*

दुसऱ्या एकाला त्याने अख्खा ट्रॅक्टर दाखवला. "फार चाललेला नाय, मीटर बघा." गिऱ्हाइकाने वाकून पाहिलं, तर मीटरला केबलच नाही.

विलास जराही गडबडला नाही. "केबल नाय म्हणून तर मीटर कमी चाललाय. मी खोटं काय बोललो?"

इथपर्यंत आम्ही हसत होतो. मीही हसलो, घरचा माणूस म्हणून जरा जास्तच.

*

मग वैशाखरे गावच्या केशवने विलासकडून स्टिअरिंग बॉक्स घेतला. केशवचा धाकटा भाऊ दत्तू ट्रॅक्टर घेऊन निघाला. वळणावर त्याने चाक फिरवलं, ते हातात नुसतंच गरगर फिरलं, आणि ट्रॅक्टर रस्ता सोडून खाली शेतात गेला. दत्तूचं खांद्याचं हाड मोडलं.

आमच्यात अशी भांडणं पोलिसात जात नाहीत. पार्ट गॅरेजच्या बाकड्यावर ठेवायचा आणि दोघांनी मानलेल्या मिस्त्रीने सांगायचं. दोघांनी माझंच नाव घेतलं. विलासला वाटलं, भावोजी आपलेच आहेत.

मी स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडला. खाली लांबी निघाली, भेगा बुजवायची पुट्टी. लांबी खरवडली, तर आडवी चीर.

"विलास, फुटलेला आहे हा."

"भावोजी, चीर पन ओरिजिनल हाय."

कुणी हसलं नाही. मी सांगितलं, पैसे परत दे. त्याने ते तिथेच फेकले आणि उठला. "तो तुकडा ठेवा तुमच्याकडंच."

"भंगारात टाकतो," म्हणत केशव बॉक्स घेऊन गेला. जाताना माझ्या पाया पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

*

त्या वर्षी भाऊबिजेला विलास आला नाही. बायको ताट तयार ठेवून अंधार पडेपर्यंत ओटीवर बसली होती.

"तुमी बरोबरच बोललात," ती म्हणाली आणि ताट आत घेऊन गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. विलासचा रागही आला, आणि आपण खरं बोलल्याचाही.

*

पुढे थंडीत केशव ट्रॅक्टर घेऊन गॅरेजात आला. लालभडक रंग, नवी सीट. बरोबर तानशाकडे फार्महाऊस असलेले एक शेठ. सौद्याआधी त्यांना मिस्त्रीचा शब्द हवा होता.

"सगळं ओरिजिनल आहे म्हणे," शेठ खुशीत होते. "पाहुण्यांच्या पोरांना यावरून फिरवणार आहे मी."

मी खाली वाकलो. बॉक्स तोच होता. रंगाखाली पुन्हा भरलेल्या लांबीचा फुगवटा दिसत होता.

"केशव, हा भंगारात टाकणार होतास ना?"

"तुमी नुसती मान हलवा, मिस्त्री," तो माझ्या कानाशी म्हणाला. "मलाबी ओरिजिनल म्हनूनच मिळालेला."

दत्तू बाजूलाच उभा होता. तो जमिनीकडे बघत राहिला.

मी शेठना स्पष्ट सांगितलं, "स्टिअरिंग बॉक्स फुटका आहे. घेऊ नका."

केशव मोठ्याने हसला. "शेठ, मिस्त्रींना सोतालाच पायजे हा ट्रॅक्टर!"

शेठही हसले. मग मी बाकड्यावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच खरवडून बघा."

शेठनी बॉक्सवरून प्रेमाने हात फिरवला आणि स्क्रू ड्रायव्हर मला परत दिला.

"नको हो," ते म्हणाले. "रंग जाईल."