प्लगची अडकलेली टोपी आणि उमरग्याचे पाहुणे

उमरग्याचे पाहुणे मला बघायला येणार होते, त्याच सकाळी बाबांनी गाडीचं बॉनेट उघडलं.

बाबा शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आमची जुनी पेट्रोल गाडी बरेच दिवस मिसिंग मारत होती. जरा चढ लागला की उचक्या द्यायची. बाबांनी धाराशिवहून नवे प्लग आणि प्लगच्या नव्या वायरी आणून ठेवल्या होत्या. पाहुणे एसटीनं येडशीच्या फाट्यावर उतरणार आणि बाबा त्यांना गाडीनं घरी आणणार, असं ठरलं होतं.

"मग उचक्या देत आणू का पाहुण्यांस्नी? लई सोपं काम हाय," बाबा म्हणाले. मोबाइलवर एका माणसाचा व्हिडिओ लावून त्यांनी तो बॅटरीवर टेकवला आणि वायरी उपसायला सुरुवात केली.

तीन वायरी निघाल्या. चौथीची रबरी टोपी मात्र इतक्या वर्षांच्या उष्णतेनं प्लगला चिकटून बसली होती. बाबांनी वायर धरून ओढली, पाय बंपरला लावून ओढली, देवीचं नाव घेऊन ओढली. टोपी ढिम्म हलली नाही. मधेच फोन वाजला आणि व्हिडिओ थांबला.

"ह्यो कोण सारखा मधी मधी तडमडतोय!" म्हणत बाबांनी फोन कट केला. परत वाजला, परत कट केला.

आई दारातून म्हणाली, "आवो, पाहुण्यांचा आसंल."

"पाहुणे कशाला फोन करतील? मी जाणारच हाय की आणायला."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. मुलगा, त्याची आई आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले त्याचे वडील उतरले. वडिलांचं उमरग्यात कापडाचं दुकान होतं आणि बोलण्यात कानडी सहज मिसळायची.

"काय पाहुणं, फोन का कट करायलाव?"

बाबांनी हात जोडले. जोडलेल्या हातांत पक्कड होती. "ते... ही टोपी निघंना," एवढंच ते बोलले.

बैठकीत सतरंजी अंथरलेली होती, लोड लावलेले होते. पण ते गृहस्थ सरळ बॉनेटपाशी गेले आणि बाह्या वर करू लागले. "नोडरी, बघा, एकट्याचं काम न्हाय हे. धरा तुमी, म्या बी धरतो."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. अंगावर जरीची साडी, समोर पोह्यांचा ट्रे, आणि बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही अशी ताकीद. होऊ घातलेले दोघे व्याही एकाच वायरीला लोंबकळत होते आणि मुलगा "पप्पा, सोडा की, पप्पा" म्हणत मागं उभा होता. मग फट्‌ असा आवाज झाला. दोघं एकमेकांवर कोसळून जास्वंदीच्या कुंडीत जाऊन बसले. वायर त्यांच्या हातात होती, टोपी प्लगवरच.

"आता तर धरायला बी काय राहिलं न्हाय," बाबा म्हणाले.

मी बाहेर आले. आईनं मागून पदर ओढला, तो सोडवला. टोपी खोल खाचेत होती, दोघांचे जाडजूड पंजे आत मावत नव्हते. मी बांगड्या काढल्या आणि जवळ जो उभा होता त्याच्या हातात दिल्या. तो मुलगाच होता. त्यानं त्या प्रसादासारख्या ओंजळीत धरल्या.

टोपी मी थोडी डावीकडं पिळली, थोडी उजवीकडं. त्याचे वडील माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "आता ओढ, ओढ!" मी ओढली. टोपी सुटली आणि माझं कोपर थेट त्यांच्या नाकावर बसलं. त्यांचा चष्मा उडून इंजिनाच्या फटीतून खाली गेला.

आई दारातच मटकन खाली बसली. जुळत आलेलं स्थळ गेलं, असं मलाही वाटलं.

नाक दाबून ते म्हणाले, "ब्याडा, ब्याडा, घाबरू नका, कायबी लागलं न्हाय. टोपी निघाली ना?"

मुलानं बांगड्या मला परत दिल्या आणि पांढऱ्या शर्टासकट तो गाडीखाली शिरला. मी उकिडवी बसून त्याला मोबाइलचा उजेड दाखवू लागले. आमची बोलणी तिथंच झाली.

"आई म्हणली, मुलगी लई शांत हाय," तो खालून म्हणाला.

"बाबा म्हणाले, मुलाला गाडीतलं सगळं कळतं."

"मला तर सायकल सोडून कायच चालवता येत न्हाय."

"मला येते गाडी."

"मग बरंय की," तो म्हणाला, आणि तेल माखलेला चष्मा त्यानं बाहेर सरकवला.

नवे प्लग बसले. पण कुठली वायर कुठं होती ते बाबांनी लिहूनही ठेवलं नव्हतं आणि त्यांच्या लक्षातही नव्हतं. बाबांनी आणि मुलाच्या वडिलांनी अंदाजानं जोडल्या आणि चावी फिरवली. सुतळी बॉम्बसारखा बार झाला. मुलाची आई पोह्याची बशी घेऊन धावत बाहेर आली, "काय फुटलं ओ?" मग जवळची वायर लांबच्या जागी, लांबची जवळ असं दोघं भांडत बदलत राहिले. एकदाची गाडी सुरू झाली, आणि इतकी गुळगुळीत चालू लागली की दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

पाहुण्यांना फाट्यावर सोडायला मीच गाडी घेतली, कारण बाबांच्या हातांचं ग्रीस स्टिअरिंगला लागलं असतं. वाटेत मुलाचे वडील बायकोला कानडीत काहीतरी म्हणाले. ती पदर तोंडाला लावून हसली.

"काय म्हणाले?" मी आरशात बघून मुलाला विचारलं.

तो लाजला. "नाक दुखतंय, पण मुलगी चांगली हाय म्हणले."

घरी आले तर आई दारातच उभी होती. "काय सांगायचं मग त्यांना?"

"होय म्हण," मी म्हणाले.

बाबांना हे ऐकूच गेलं नाही. ते मोरीत बसून रॉकेलनं हात घासत होते. ग्रीस जरा निघालं होतं, पण आता सगळ्या घराला रॉकेलचा वास सुटला होता.