एवारिस्तोकाकांचे दोन कॅन

तिसऱ्या पंपाचा व्हॉल्व्ह महिन्यात चौथ्यांदा अडकला. चारही वेळा एवारिस्तो कोल्केंच्या पाळीनंतर. सोमवारी चौकशी होती. मुद्दाम केलंय असं ठरलं तर त्यांची एकवीस वर्षांची नोकरी जाणार होती.

साहित्य शिकून मी चिलीतल्या अताकामा वाळवंटातल्या या मिठागरावर पाळीची नोंदवही लिहायला आले. पंप मला एवारिस्तोकाकांनी शिकवले. जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं, तळ्यांत सोडायचं. ते व्हॉल्व्हमध्ये सुकलं की मीठ धरतं, म्हणून पाळी संपताना प्रत्येक व्हॉल्व्ह टँकरच्या गोड्या पाण्यानं धुवायचा. काकांइतकं मन लावून कुणी धूत नसे.

"सगळ्यात साळसूद असतो ना, तोच करतो," इंजिनियर रिकेल्मेबाई म्हणाल्या. "आत पांढरं काहीतरी घट्ट बसलंय. मीठ असतं तर पाण्यात विरघळलं असतं. तू त्याची लाडकी, पण डोळे उघडे ठेव."

ठेवले. काका बसमधून दोन निळे कॅन घरी नेत. जाताना भरलेले. ते मला समजत होतं, घरी पाणी लागत असेल. पण सकाळी येतानाही ते भरलेलेच असत.

"काका, काय असतं यात?"

"पाणी. तुला काय, दारू वाटली?"

"येतानाही?"

"रिकामे कॅन बसमध्ये आपटतात, पोरी." ते खिडकीबाहेर बघू लागले.

मी पहिल्यांदाच त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

रविवारी त्यांच्या गावी गेले. झुनिल्दाकाकूंनी रिकारिका या रानवनस्पतीच्या पानांचा चहा केला.

"घाबरू नकोस, गोड्या पाण्याचा आहे. आमच्या झऱ्याचं पाणी आता प्यायच्या लायकीचं नाही राहिलं. ही बघ, त्या पाण्याची किटली."

आत पांढरा थर होता. दगडासारखा. सुरीनं खरवडला तरी निघेना. चोच जवळजवळ बुजली होती. असा थर मी उघडलेल्या व्हॉल्व्हमध्ये पाहिला होता.

"काका, व्हॉल्व्ह कुठल्या पाण्यानं धुता?"

काकूंचा हात थांबला.

"जेवढं टँकरचं नेतो तेवढं झऱ्याचं आणून तिसऱ्या पंपात ओततो," काका म्हणाले. "थेंबभर कमी नाही. चोरी कसली? पाणी ते पाणी."

मी किटली पुढे केली. त्यांनी चोचीत बोट घालून बघितलं. गेलं नाही. मग ते खाली बसले.

"म्हणजे मीच?"

सोमवारी किटली त्यांनी स्वतःच रिकेल्मेबाईंच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. घातपाताचा आरोप गेला. नोकरीही गेली, रोजच्या दोन कॅनांसाठी.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"तिला काही माहीत नाही," काका घाईनं म्हणाले.



"कालपासून," मी म्हणाले.