पुढच्या वेळी आईला नेतोच

"निघायचं तर नीघ, दारात बोलू नकोस," हे कानशाचं रोजचं वाक्य. लाकडाच्या वखारीत करवतीच्या पात्यांना कानशीनं धार लावायची हे त्याचं काम, म्हणून नाव पडलं कानशा. स्वभावही तसलाच, ज्याच्यावरून फिरेल त्याचा कीस पाडायचा. ऐन उमेदीत एकदा तो करवतीवर फळी सरकवत होता. दारातून कुणीतरी "बरंय, भेटू मग" म्हणालं, यानं मान वर केली आणि डाव्या हाताची करंगळी गेली. भेटू म्हणणारा पुन्हा काही भेटला नाही. तेव्हापासून निरोपाच्या गोड शब्दांशी कानशाचं उभं वैर.

त्या वैराचा जाच बायकोला. पाहुणा उठला आणि तिनं "बसा की अजून" म्हटलं, की हा आतून विचारायचा, "आणि खरंच बसले तर?" शेजारीण "या एकदा घरी" म्हणाली, की हा तिथल्या तिथं पायात चपला घालायचा. हळूहळू माणसं दारावरून मान खाली घालून जाऊ लागली.

पण त्याचा खरा दात होता धाकट्या भावावर. धाकटा लांबच्या शहरात राहायचा, अधूनमधून गाडी घेऊन यायचा. त्याचं निघणं म्हणजे लांबण. खुर्चीत बसल्या बसल्या एकदा "निघतो", उभं राहून एकदा, बुटाच्या नाड्या बांधताना एकदा. मग गाडीची काच खाली करून ठरलेलं, "पुढच्या वेळी आईला नेतोच हं." कानशाकडं राहणारी म्हातारी मान डोलवायची. तो येणार असं कळलं की ती पलंगाखालची पेटी ओढायची, कपड्यांच्या घड्या घालून भरायची, आणि तो गेला की एकेक घडी बाहेर काढायची. थोरल्या सुनेनं हे किती वर्षं बघितलं, कधी बोलली नाही. कानशाही बघायचा, आणि त्याच्या कपाळाची शीर उडायची.

त्या दुपारी धाकटा जेवला, खुर्चीतलं निघणं झालं, नाड्यांचं झालं. काच खाली आली. तो ठरलेलं बोलतो न बोलतो, तोच कानशा एका खांद्यावर पेटी आणि दुसऱ्या हाताला आई घेऊन बाहेर आला. मागचं दार उघडून त्यानं पेटी सीटवर आदळली.

"तुझी पुढची वेळ आज आलीय," तो म्हणाला. "ने."

धाकट्यानं जिन्याचं सांगितलं, बायकोच्या नोकरीचं सांगितलं, लिफ्ट बसली की बघू म्हणाला. समोरच्या खिडक्यांत डोकी जमली. कानशानं गाडीचं दार सोडलं नाही.

"मग नेत नाही म्हण. तिच्या तोंडावर म्हण."

धाकटा स्टिअरिंगकडं बघत राहिला. "नाही जमायचं," तो पुटपुटला.

कानशाच्या बायकोला वाटलं, झालं एकदाचं, म्हातारीच्या जिवाची टांगणीवरून सुटका झाली. पण म्हातारीनं वाकून स्वतःच पेटी ओढून घेतली आणि थोरल्याकडं वळली.

"मला काय कळत नव्हतं होय रे? तो खोटं बोलायचा, मी खोटं ऐकायची. आमचं बरं चाललं होतं. तुला मध्ये कुणी बोलावलं?"

"तू उगीच पेटी भरत बसायचीस, आई."

"भरत होते ना? आता काय करू बसून?"

धाकटा गाडी घेऊन गेला. कानशानं पेटीला हात घातला, तसा म्हातारीनं तो झिडकारला आणि भर रस्त्यात पेटीवरच बसली. उद्यापासून या रुसलेल्या म्हातारीजवळ दिवसभर कोण असणार, हे बायकोला ठाऊक होतं. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मिळालं समाधान?"

त्यानं हात पँटीला पुसले आणि वखारीची वाट धरली. खिडक्यांतली डोकी आत गेली. म्हातारीनं पाठ फिरवली होती. तो वळणाआड जाईपर्यंत बायको तेवढी बघत राहिली, आणि तिच्या नजरेत माया नव्हती.