एक्केचाळीसावं घर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, तर माझ्या काकीचे. आईबाबांनी जन्म दिला, तालुक्याच्या शाळेने बारावीपर्यंत आणून सोडलं. पण पुढची तीन वर्षं काकीने नाहूरच्या आपल्या खोलीत मला ठेवून घेतलं नसतं, तर आज मी अंधेरीच्या ऑफिसात बसलेला नसतो. ती मुलुंडच्या एका पोळीभाजी केंद्रात दिवसभर पोळ्या लाटायची. घरी आली की म्हणायची, "भात टाक रे. पोळी डोळ्यांसमोर नको मला." मग आम्ही भात खायचो. मला मिळालेली पदवी आमच्या घराण्यातली पहिली होती, आणि गावातलीही.

काकीबद्दल लिहायचं तर आधी गावाबद्दल लिहायला हवं. तिचं जे वाईट झालं ते गावाने केलं, आणि तिने जे मागितलं तेही गावाकडेच मागितलं.

कोकणातलं आमचं गाव एक्केचाळीस घरांचं. माणसं किती, हे कोणी सांगू शकणार नाही. आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, घरं मोजतात. त्यातल्या अकरा घरांत दिवा लागतो. बाकीच्यांना कुलपं, आणि त्यांची माणसं कांदिवली, नाहूर, वाकोला अशी पसरलेली. आजोबांची पिढी गिरणीत होती. आताचे कोणी रिक्षा चालवतात, कोणी कुरियरमध्ये आहेत, कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असतात. पण गाव कोणाचंच सुटलेलं नाही. मंडळ आहे, कांदिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये बैठका होतात, व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे.

गावाचा स्वभाव असा, की अडचणीत ते सगळ्यांत आधी धावून येतं, आणि आल्यावर तुमच्या घरात काय काय कमी आहे ते बघून जातं. कोणाला रक्त लागलं तर हॉस्पिटलबाहेर रांग लावतील. कोणी गेलं तर प्रत्येक घरातून एक माणूस खाडा करून खांदा द्यायला येणारच. आणि पुढे वर्षभर त्या घरावर हसणार. एकाची प्रेस मशीनमध्ये तीन बोटं गेली. त्याला प्रत्येक बैठकीत ठरावाला वर झालेले हात मोजायला उभं करतात. "तू मोज रे, तुझी चूक झाली तरी आम्ही समजून घेऊ." तोही हसतो. हसला नाही, तर पुढच्या वेळी आणखी काहीतरी असतं, हे त्याला माहीत आहे.

माझा काका एका कॉलेजात शिपाई होता. त्याने देहदानाचा अर्ज स्वतः भरला होता. काकीला म्हणाला होता, "जन्मभर कॉलेजच्या दाराबाहेर स्टुलावर बसलो. मेल्यावर तरी आत जाऊन बसतो." मी पहिल्या वर्षाला असताना तो गेला. काकीने त्याचं म्हणणं राखलं आणि मेडिकल कॉलेजला फोन केला. गावाला कळवलं, पण देहदानाचं सांगायचं राहिलं. माणसं आली ती बांबू, सुतळी, मडकं, सगळं टेम्पोत घालून. खाली येऊन पाहतात तर कॉलेजची गाडी काकाला घेऊन निघत होती.

मंडळाचे अध्यक्ष बांबूला टेकून उभे होते. "वहिनी, मग आम्ही काय उचलायचं?"

काकी म्हणाली, "चहा घेऊन जा भावोजी."

हे वाक्य तिला फार महागात पडलं. तिने ते भांबावून म्हटलं होतं. घरी माणसं आली की ती पंचवीस वर्षं हेच म्हणत आली होती. पण गावाने ऐकलं ते असं, की नवऱ्याचं प्रेत गाडीत घालून बाई आम्हाला चहा विचारते.

वाळीत हा शब्द आमच्यात कोणी काढत नाही. तो गुन्हा आहे हे सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे काहीच ठरलं नाही, काहीच लिहिलं गेलं नाही. काकीचा नंबर ग्रुपमधून गेला. लग्नांची बोलावणी थांबली. शिमग्याला पालखी तिच्या गावच्या घरासमोरून न थांबता पुढे गेली. गावच्या टाकीवरून तिच्या घराला जाणारी पाण्याची लाइन रस्त्याच्या कामात तुटली, ती कोणी जोडली नाही. आणि बैठकीत आमचं गाव चाळीस घरांचं झालं. काकाचा विनोदही गावाने उचलला. "आमच्यातला मेडिकलला गेलेला पहिला माणूस," म्हणायचे. "ॲडमिशन झाली, रिझल्टचं काही कळत नाही."

मी तिच्याकडे राहत होतो, तिच्या हातचं खात होतो, पण मला गावाने सोडलं नाही. "पोरगं शिकतंय, त्याला चालतं." माझे बाबा, म्हणजे काकाचे सख्खे धाकटे भाऊ, गावीच असतात. ते फोनवर मला विचारायचे, "खोलीवर सगळं बरं ना?" ते खोलीची चौकशी करायचे. वहिनी हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

मी पदवीधर झालो त्या वर्षी काकीचे गुडघे गेले. केंद्रात आठ तास उभं राहणं होईना. मालकाने खोलीही मागितली, कारण बिल्डिंग पडणार होती. मी म्हटलं, मला नोकरी लागतेय, आपण दोघं राहू. ती म्हणाली, "तुझं लग्न होईल, मग मी कुठल्या कोपऱ्यात? माझं घर आहे गावाला. मला तिथे जायचंय. फक्त पाणी पाहिजे आणि कोणीतरी बोलणारं."

तिला एवढंच हवं होतं. ते मंडळाच्या हातात होतं.

मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फुलं. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "गावातला हा पहिला पदवीधर. तसा याचा काका याच्या आधी कॉलेजात गेला, पण तो अजून आतच आहे." हॉल हसला. लहान मुलंही हसली, त्यांना न कळता. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी सगळ्यांचे आभार मानले आणि म्हटलं, माझं शिक्षण काकीमुळे झालं, तिचं घर परत मोजा, तिला गावी राहायचंय.

मग अध्यक्ष स्वतः टाळ्या वाजवू लागले. "बरोबर बोलला. पोरगा शिकला. काढू मार्ग."

मार्ग त्यांनी चहाच्या वेळी सांगितला. काकाचा अंत्यविधी झालेला नाही. प्रेत मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून जाळतात, तसा करायचा. गावच्या घरातून तिरडी निघेल, गाव खांदा देईल. मग घर मोकळं, पाणी सुरू.

वाकोल्याला राहणारे एक जण तिथे उभे होते, काकाचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाले, "तुला हे खुळेपणाचं वाटेल रे. पण आमचाही होता ना तो. आम्हाला रडायला काय मिळालं? गाडीचा मागचा दिवा."

मी हे काकीला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

"डोकं कशाचं करतात?"

"नारळाचं."

"म्हणजे होतं त्यापेक्षा बरं." तिने हातातली जुडी निवडून संपवली. "करू देत."

"काकी, हा तुझा अपमान आहे. कायदा आहे याच्याविरुद्ध. आपण तक्रार करू."

"तू शिकलास, तुला राग परवडतो. मला नळ पाहिजे. पोलीस येऊन नळ जोडतील, पण रोज संध्याकाळी माझ्याशी बोलायला बसतील का?"

विधीला मुंबईहून दोन बस भरून माणसं आली. काका जिवंत असताना त्याच्या घरात इतकी माणसं कधी आली नव्हती. अंगणात पुतळा ठेवला होता. त्याला काकाचाच शर्ट घातला होता, आत दर्भ भरलेला. वर न सोललेला नारळ.

"बारीक झाला रे!"

"मेसचं जेवण मानवलं नसेल."

काकी भिंतीला टेकून बसली होती. बायका तिच्याभोवती जमल्या. एक जण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड गो बाय, एवढी लांबून माणसं आलीत." काकी रडली नाही. बाईने आणखी दोनदा सांगितलं, मग वैतागून दुसरीकडे वळली.

तिरडी उचलली. पुढे अध्यक्ष आणि वाकोल्याचे दोस्त, मागे माझे बाबा आणि मी. फाटकापाशी बायकांतून आवाज आला, "थांबा थांबा. हिचं कपाळ तसंच आहे."

काकी टिकली लावायची. काका गेल्यावरही तिने ती सोडली नव्हती, नाहूरला कोणी विचारत नव्हतं. दोघी जणी तिच्याकडे निघाल्या. एकीने तिच्या बांगड्यांचा हात धरला, दुसरीने दगड उचलला.

वाकोल्याचे दोस्त ओरडले, "हे ठरलं नव्हतं! तिला हात लावू नका!"

अध्यक्ष समोर बघतच म्हणाले, "बायकांचं बायका बघतील. तू चाल."

त्यांनी चालायचं सोडून खांदा काढून घेतला. तो कोपरा खाली गेला, तिरडी कलली आणि नारळ सुटून अंगणात घरंगळला. कोणीतरी म्हणालं, "काका उतरला!" आणि प्रेतयात्रा हसली. माझ्या शेजारी बाबाही हसले. त्यांचा खांदा हलला तो मला बांबूतून कळला.

काकी उठली. दगडवाल्या बाईला बाजूला सारलं, बांगड्या स्वतः काढून ओट्यावर ठेवल्या. नारळ उचलला. कपाळावरची टिकली काढली आणि त्या नारळावर नीट मधोमध चिकटवली.

"घे. तुझ्याकडेच ठेव," ती त्याला म्हणाली. मग अध्यक्षांकडे नारळ देत, "उचला आता. आणि संध्याकाळच्या आत माझी लाइन जोडा."

दोस्त परत खांद्याला आले नाहीत. दुसऱ्या कोणीतरी ती जागा घेतली. लाइन संध्याकाळी जोडली गेली. गाव पुन्हा एक्केचाळीस घरांचं झालं, काकी तिथे राहायला गेली आणि दगड घेऊन आलेली बाई रोज तिच्या ओट्यावर येऊन बसू लागली.

पुढच्या पावसाळ्यानंतर कांदिवलीला बैठक झाली. विषय एकच होता : वाकोल्याच्या घराने वाटेत खांदा टाकला, प्रेताची विटंबना केली. त्या घराला यापुढे बोलावणं जाऊ नये. ठराव लिहिणार नव्हते, फक्त हात वर करायचे होते. गावातली घरं देवळात बसली होती आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसत होती. तीन बोटं नसलेला माणूस मोजत होता. आमच्या घरातर्फे मी होतो, माझा हात खाली होता. पडद्यावर मागच्या रांगेत काकी होती. तिने आधी शेजारच्या बाईकडे पाहिलं, मग हात वर केला.

गाव परत चाळीस घरांचं झालं. त्या आठवड्यात मी तिला हे पत्र पाठवलं.

"प्रिय काकी,

नमस्कार. पाकिटावर तुझ्या नावाआधी गं. भा. लिहायचं असतं, असं मंडळातल्या एकाने सांगितलं. मी लिहिलं नाही.

फोनला रेंज हवी म्हणून तुला देवळाशी यावं लागतं आणि तिथे सगळे बसलेले असतात, म्हणून पत्र.

बैठकीत तुझा हात पाहिला. का, ते विचारणार नाही. तू खाली ठेवला असतास तर दुसऱ्या दिवशी लाइन पुन्हा तुटली असती, हे मला कळतं. माझा खाली होता. त्यावरून बाबांचा फोन आला. ते खूप बोलले. मी ऐकून घेतलं.

मी वाकोल्याला जाऊन आलो. त्यांच्या घरी कोणी गेलं तर ग्रुपवर कळवायचं असं ठरलंय, म्हणून मीच ग्रुपवर कळवलं. ते तुझ्याबद्दल वाईट बोलले नाहीत. तुझ्या गुडघ्यांचं विचारलं. तू हात वर केलास हे त्यांना माहीत आहे.

अंधेरीची खोली लहान आहे, पण पलंग आहे आणि मला खाली झोपायची सवय आहे. तू इकडे ये. माझ्या लग्नाचं कारण सांगू नकोस, त्याला अवकाश आहे.

येणार नसशील तर तसं कळव. गोळ्या दर महिन्याला पाठवीन. तू माझ्यासाठी केलंस ते माझ्याने फिटणार नाही. गावी आलो की तुझ्याकडे येईन, ओट्यावर बसेन, तू म्हणशील तितका वेळ बोलेन. पण तुझ्या घरात पाणी पिणार नाही. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

तुझाच."