वाटीभोवती वळणारं विमान

बहात्तरच्या दुष्काळात ऊस कमी आला, कोपरगावकडच्या आमच्या साखर कारखान्याचं गाळप लवकर आटोपलं आणि कॉलनीतल्या पुरुषांना एकदम मोकळे रविवार मिळाले. हे कारखान्यात केमिस्ट. धाकटे भाऊजी शिकायला आमच्याकडेच राहायचे. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक इंजिनियर एकटेच असायचे. यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन फिटर जाताना त्यांच्याकडे विमानांचं एक मासिक सोडून गेला होता, आणि त्यावरून त्यांनी एक खेळ रचला होता.

त्यात विमानं नुसती सरकवायची नव्हती. प्रत्येकानं एक वैमानिक व्हायचं. तो कुठला, कसा बोलतो, कशाला घाबरतो हे ठरवायचं आणि खेळ संपेपर्यंत त्याच्याच तोंडानं बोलायचं. इंजिनियर स्वतः पंच, त्यामुळे तिसरा गडी कमी पडत होता. म्हणून मला बोलावलं, हौसेनं नव्हे. वर एक नियमही लावला. ज्याचं विमान पडेल त्याचा वैमानिक कायमचा मेला, आणि पुढच्या सगळ्या रविवारी चहा त्यानंच करायचा. भाऊजी माझ्याकडे बघून हसले. म्हणजे मी एकदा पडले की पुन्हा स्टोव्हपाशीच!

यांनी आणि भाऊजींनी भराभर एकेरी पंखांची वेगवान विमानं उचलली. मला उरलं ते दोन महायुद्धांच्या मधलं जर्मन लढाऊ विमान. एकावर एक दोन पंख, मध्ये काडेपेटीच्या काड्यांचे खांब, सगळं साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं. दुसरं युद्ध पेटलं तोवर ते जुनाट झालं होतं, असं इंजिनियरांनी हळहळत सांगितलं. मला मात्र ते बघताक्षणी आवडलं. किती ऐटबाज होतं!

मी म्हटलं, माझा वैमानिक खर्ड्याचा. खर्डा माझं माहेर. "जर्मन विमानात खर्ड्याचा माणूस?" भाऊजी म्हणाले. "का, बसत नाही का?" मी म्हटलं. पंचांनी मान्य केलं.

इथे एक सांगायला हवं. लग्न होऊन आले त्या संक्रांतीला कॉलनीतल्या हळदीकुंकवात मी तिळगुळाला "लई ग्वाड हाय" म्हणाले होते. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. घरी आल्यावर हे म्हणाले, "जरा जपून बोलत जा." तेव्हापासून मी तोंड उघडायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात धुऊन घ्यायची. फार राग यायचा, पण घ्यायची. आता मात्र मला माझ्या वैमानिकाच्या तोंडानं मनसोक्त बोलता येणार होतं, आणि त्याला मरू द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती.

वळण मोजायला इंजिनियरांनी माझ्याच स्वयंपाकघरातली भांडी ठरवली. वेगवान विमान एका खेपेत वीतभर पुढे जाणार, पण वळायचं तर परातीच्या काठानं. माझं जेमतेम चार बोटं जाणार, पण वाटीच्या काठानं वळणार. मी वाणात मिळालेली ती स्टीलची इवलीशी वाटी आणली. त्याच संक्रांतीची. "चालेल, घ्या," पंच म्हणाले.

खेळ ठरला होता जमिनीवर. पण साखरेची कॉलनी ती! फरशीवर मुंग्यांच्या रांगा. विमानं मांडतोय तोवर भाऊजी पाय झाडत उठले. मग सगळा डाव जेवणाच्या टेबलावर हलवला. टेबलाच्या कडा म्हणजे डोंगर, बाहेर गेलं ते आदळलं, असं पंचांनी जाहीर केलं. भांडी तीच राहिली. परात टेबलावर ठेवली. तिनं निम्मं टेबल व्यापलं होतं. माझ्याखेरीज हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं!

मी मधोमध राहिले आणि वाटीभोवती गिरक्या घेत बसले. भाऊजी सरळ अंगावर आले, गोळी झाडायला फासा टाकला, नेम चुकला आणि ते पुढे निघून गेले. आता वळायला हवं होतं. परात लावली तर तिचा काठ टेबलाच्या बाहेर.

"डोंगर," पंच म्हणाले.

"आरं, गेला की डोंगरात!" मी ओरडले. "सांगत हुतो न्हवं, लई पळू नगंस!"

भाऊजींना मी अरेतुरे करत होते, आणि चालत होतं!

मग हे माझ्या मागे लागले. एकदा त्यांच्या गोळीनं माझ्या खालच्या पंखाचा एक खांब गेला. पंचांनी काडी काढून घेतली. पंख कलला. आणखी एक लागली तर संपलंच. हे अगदी शेपटीशी आले.

"या, या मागं! तुमास्नी खर्ड्याचा किल्ला दावतो!"

आणि वळले. वाटीच्या काठानं, गर्रकन. हे वीतभर पुढे गेले, कारण जायलाच हवं होतं. परात आडवी धरली, तिरकी धरली, पंचांकडे केविलवाणं पाहिलं. यांचं विमान टेबलावरून खाली मुंग्यांत पडलं. मी टाळ्या पिटत उभीच राहिले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

आधी पडले ते भाऊजी, पण ते तावातावानं पंचांशी परातीवरून भांडत होते. हे मुकाट्यानं उठून आत गेले. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग हाक आली, "अगं, साखर कुठे आहे?"

"वरल्या फळीवर हाय, पितळंच्या डब्यात!"

बोलून गेले आणि जीभ चावली. खेळ तर संपला होता. भाऊजी भांडायचे थांबले. हसणार आता, असं वाटलं.

आतून यांचा आवाज आला, "व्हय, घावली."