रिकाम्या कोर्टाचा आवाज

माझ्या धाकट्या भावावर इंग्लंडमध्ये खटला चालला तेव्हा मी रियाधला, अल मलाझमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये होते. धोकादायक रीतीने गाडी चालवून माणसाचा जीव घेतला, असा त्याच्यावर आरोप होता. गेलेलं माणूस म्हणजे त्याचीच बायको, माझी भावजय.

मला जायचं होतं. पण नवऱ्यानं नुकतीच नोकरी बदलली होती, नव्या कफीलकडे, म्हणजे नव्या मालकाच्या नावावर, आमचे इकामे, राहण्याचे परवाने, व्हायचे होते, आणि तोवर देशाबाहेर पडता येत नव्हतं. कोर्टानं नातेवाइकांसाठी व्हिडिओची लिंक दिली होती. मी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची.

अपघात झाला तेव्हा भाऊ माझ्याशीच फोनवर बोलत होता. गणपतीला नाशिकला कोण कधी पोचणार, एवढंच चाललं होतं. मागून भावजय म्हणाली, "ताईंना सांग, मी घरी गेल्यावर फोन करते." मग एक आवाज झाला. फार मोठा नव्हता, कपाटाचं दार आपटावं तेवढाच. फोन मात्र चालूच राहिला. मी दोघांना हाका मारत होते आणि पलीकडून गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक येत होती, अगदी संथ. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. मग अनोळखी माणसांचे आवाज आले आणि कुणीतरी फोन बंद केला.

खटल्यात सगळं एका प्रश्नावर आलं होतं. फोन भावाच्या हातात होता, की समोर स्टँडवर? स्टँडवर होता, असं तो म्हणत होता. गाडी चालवताना लक्ष नव्हतं, हा कमी गंभीर गुन्हा त्यानं आधीच कबूल केला होता. माझं लेखी निवेदन कोर्टात वाचून दाखवलं. त्यात मी लिहिलं होतं, की त्याचा आवाज लांबून, स्पीकरवर येतो तसा येत होता. लिहिताना मला खात्री होती. त्या परक्या वकिलाच्या तोंडून ऐकताना ती राहिली नाही.

मग ज्युरी विचार करायला आत गेली. ती बारा माणसं कॅमेऱ्यात कधीच दिसली नाहीत. नुसत्या पावलांचे आणि खोकल्याचे आवाज यायचे. न्यायाधीश उठले, वकील गेले, भावाला खालच्या कोठडीत नेलं. लिंक मात्र कुणी बंद केली नाही. पडद्यावर उंच खुर्ची आणि आरोपीचा रिकामा कठडा, बाकी कुणी नाही. माइक चालू होता. बारीक घरघर ऐकू यायची, मध्येच खुर्ची करकरायची. कॅमेऱ्याच्या मागे कुणी बसलं असेल, असं मी स्वतःला समजावायची.

दुसऱ्या दिवशी धुळीचं वादळ आलं. दुपारी तीनलाच रस्त्यावरचे दिवे लागले आणि घरभर पिवळा उजेड पसरला. मुलगी शाळेतून आली, दप्तर न उतरवताच लॅपटॉपसमोर थांबली.

"मम्मा, हू इज देअर?"

"कुणी नाही गं. कोर्ट रिकामं आहे."

"नो. समवन इज ब्रीदिंग." ती आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मी कान लावला. मलाही ऐकू आलं. माझा माइक बंद होता, तरी मी भावजयीला हाक मारली, त्या दिवशी फोनवर मारली होती तशीच. पलीकडे पावलं वाजली आणि थांबली. मग एक सफाईवाली बाई हळूहळू कॅमेऱ्यासमोर आली. तिनं कठडा पुसला, वर पाहिलं, थेट माझ्याकडे, आणि निघून गेली.

नवरा घरी आल्यावर म्हणाला, "बंद कर ते. निकाल लागला की वकील फोन करेल."

"आणि मी बंद केल्यावर ज्युरी बाहेर आली तर?"

तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

भावजयीच्या आईचा नाशिकहून रोज फोन यायचा.

"लागला का?"

"नाही, काकू."

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुला कसा लागावासा वाटतो?" "कळत नाही, काकू," मी म्हणाले. "मलाही कळत नाही," त्या म्हणाल्या. "तो जावई आहे माझा. पण ती माझी मुलगी होती."

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. पावलं वाजली, खुर्च्या सरकल्या, आणि ज्युरीतल्या एका तरुण बाईचा आवाज आला. धोकादायक गाडी चालवण्याच्या आरोपातून भाऊ निर्दोष. त्यानं कबूल केलेल्या गुन्ह्याची शिक्षा नंतर सुनावणार होते, आणि तुरुंगात जायची वेळ बहुधा येणार नाही, असं वकील म्हणाला होता. भाऊ रडला नाही. त्यानं चटकन डावीकडे मान वळवली, शेजारी बसलेल्या कुणाला सांगायला वळावी तशी. तिथं कुणीच नव्हतं.

मीच काकूंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एक विचारू? फोन खरंच स्पीकरवर होता का?"

"तेव्हा तसं वाटलं होतं, काकू. आता सांगता येत नाही."

"हे कोर्टाला का नाही सांगितलंस?"

"भाऊ आहे माझा."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

इकामा झाल्यावर मी आधी इंग्लंडला गेले, मग नाशिकला. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, जेवायला थांब म्हणाल्या. मी थांबले. निघताना त्यांनी भावजयीची एक साडी माझ्या हातात दिली. ती मी अजून नेसलेली नाही.