मावशीचा तयार कान

त्या गाण्याचं नाव काढलं तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात. एक बाई आपल्या माणसाला उशीर का झाला म्हणून सुरात उलटतपासणी घेते, एवढंच ते. लोक त्याला अजरामर म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या मावशीने ते नोकरी म्हणून ऐकलंय.

मावशी रेकॉर्डच्या कारखान्यात तपासणीला होती. दर पन्नासातली एक रेकॉर्ड काढायची, हेडफोन लावायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. कुठे खरखर आहे, कुठे सुई अडखळते, ते टिपायचं. हे गाणं गाजलं आणि दिवसचे दिवस तिच्या कानावर दुसरं काही पडेना. पलीकडच्या शेडमध्ये तिचा नवरा, म्हणजे माझे काका, तीच रेकॉर्ड प्रेसवर काढत. तिथे इतका गोंगाट की शेजारच्याशीही खुणांनी बोलावं लागे.

मावशीचा कान असा तयार झाला, की घरी आल्यावरही तो सुटी घेईना. मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडेच राहत होते. काकांना काही विचारलं की ते आधी तिच्या तोंडाकडे बघत, जरा थांबत, मग उत्तर देत. थांबणारा माणूस उत्तर जुळवत असतो, हे मावशीचं ठाम मत. त्यात ते आठवड्यातून दोनदा उशिरा येऊ लागले. "काम होतं," एवढंच सांगत. मावशीने आधी विचारणं सोडलं, मग बोलणंच. जेवण वाढायचं आणि पाठ फिरवायची. अशी दोन वर्षं गेली.

"अगं, एकदा भांडून तरी घे," आई तिला म्हणाली.

"भांडायला अंगात जीव लागतो, ताई."

शेवटी एका सकाळी काका तळहाताएवढ्या आरशात बघून दाढी करत असताना मावशी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. "कोण आहे ती?" तिने विचारलं. वस्तरा शांतपणे गालावरून फिरत राहिला. तिने पुन्हा विचारलं, इतकं खणखणीत की आतल्या खोलीत मी दचकले. काकांचा हात जराही थबकला नाही. तिने खांद्याला हात लावला तेव्हा कुठे ते वळले, आणि सवयीने तिच्या तोंडाकडे बघू लागले.

मग सगळं बाहेर आलं. उशीर व्हायचा तो कानाच्या डॉक्टरांकडे. कारखान्यात कळलं असतं तर घरी बसवलं असतं, म्हणून मिठाची गुळणी धरलेली.

"बाकीच्यांचं थोडंफार कळतं अजून," काका म्हणाले. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. "तुझाच आवाज सगळ्यात आधी गेला. दोन वर्षं झाली. पाठमोरी काम करताना तू काहीबाही बोलत असशील. मी आपला बघत बसतो."

मावशीने टॉवेल घेऊन त्यांचा गाल पुसला.

आता दोघंही निवृत्त आहेत. मावशी त्यांच्यासमोर बसून, एकेक शब्द ओठांवर नीट उमटवत दिवसभर बोलते आणि संध्याकाळपर्यंत गळून जाते. ती दोन वर्षं ती बोलतच नव्हती, हे तिने त्यांना आजवर सांगितलेलं नाही. मला तिचा राग येतो, आणि तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं नसतं.

काका मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "पहिल्यांदा हिचाच आवाज गेला हो." मावशी तेव्हा उठून आत जाते.